चिपळूणची निळी-लाल रेषा: आधी गाळ काढायचा की आधी रेषा पाळायची?

नकाशेवाला
२०२१ च्या पुरानंतर चिपळूणला पूररेषा लागल्या, त्यावरून भांडण अजून चालूच आहे. माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात, निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो ती हद्द, तिच्या आत बांधकाम नाही. लाल म्हणजे १०० वर्षांतला, त्या दोन रेषांच्या मध्ये अटी घालून बांधता येतं. आता माझं म्हणणं. रेषा पाहिजेच, पण ती वाशिष्ठीचं शरीर बघून आखायला हवी. ही नदी सत्तरएक किलोमीटरची, आणि तेवढ्यातच तिच्या तीन वेगवेगळ्या नद्या होतात. पोफळीकडे घाटातून सहाशे-सातशे मीटर धाडकन खाली येते, तिथे पात्रात नुसते धोंडे. मग उतार एकदम मोडतो, वेग जातो आणि गोटे, वाळू, माती असं एकेक ओझं टाकत ती शहरात शिरते, पात्रातली बेटं त्याचीच. आणि शहराच्या खाली गोवळकोटपासून खाडी, तिथे उतार जवळजवळ शून्य आणि मालक समुद्र. घाटपायथ्याला पाणी मारतं ते वेगाने, शहरात ते नुसतं चढत जातं, आणि आपण दोन्हीकडे फक्त पाणी किती उंच आलं तेवढं मोजून दोन रंगांच्या रेषा ओढतो. वेग आणि पाणी किती तास राहिलं हेही नकाशात का नको?

शिवनदीकाठ
तुमचं शरीरशास्त्र छान आहे, पण माझं दुकान बाजारात आहे. २२ जुलैला पहाटे खालच्या फळीवरचा माल वर ठेवला, वाटलं २००५ ला आलं होतं तेवढं येईल, सकाळी बघतो तर वरची फळीही गेली. नंतर आठ दिवस फक्त चिखल काढला, फावड्याने, बारीक साबणासारखा चिखल, वाळला की फरशीला सिमेंटसारखा बसतो. हा चिखल नदीत होता म्हणून माझ्या दुकानात आला. २०२१ च्या शेवटी साखळी उपोषणाला बसलो ते गाळ काढा म्हणून. रेषा मारून काय होणार, अर्धं शहर त्यात येतं, दुरुस्तीची परवानगी मागायला गेलं की टेबलावर नकाशा उघडतात आणि बोट ठेवतात. कर्ज नाही, गिऱ्हाईक नाही. आधी पात्र मोकळं करा, मग पाणी कुठवर येतं ते बघून रेषा मारा. उलटं का?

नकाशेवाला
@शिवनदीकाठ दादा, तुमचं नुकसान खरं आहे, गाळ काढू नका असं मी म्हणत नाही. पण कुठला काढायचा ते बघा. पुलांच्या वरची बेटं काढली तर पाण्याला वाट मिळते, पटलं. खाडीच्या पट्ट्यात मात्र भरतीच्या पातळीच्या खाली कितीही खोल खणा, ते भांडं समुद्र रोज दोनदा भरून ठेवतोच. खालच्या टोकाला पातळी समुद्रच ठरवतो, त्यामुळे खणलं तेवढी पातळी काही उतरत नाही. शिवाय घाटात दरडी कोसळायच्या थांबल्या नाहीत तर दोन पावसाळ्यांत परत बेटं तयार.

पागेवरची
तिथीचा हिशेब कोणी लावला का? आमचे आजोबा म्हणायचे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. २४ जुलैला गुरुपौर्णिमा होती, म्हणजे २२ ला सकाळी त्रयोदशी. तेराची पाऊणपट पावणेदहा. दाभोळला खाडीच्या तोंडाशी पावणेदहा-दहाला भरती, इथवर चढायला अजून वेळ, आणि तेही उधाणाचे दिवस. पाऊस, वरून आलेला लोंढा आणि खालून दार बंद. भांगाच्या दिवसात, म्हणजे अष्टमीच्या आसपास भरती कमी चढते तेव्हा, हाच पाऊस पडला असता तर इतकं चढलं नसतं असं मला वाटतं. पण मग रेषा मारताना कुठल्या तिथीचा पूर धरला, हे नकाशावर लिहितं का कोणी?

घाटाखाली
सगळे पावसाला आणि चंद्राला दोष देताय, कोयना धरणाचं नाव कोणी घेईना. विजेसाठी वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी सह्याद्री फोडून इकडे सोडतात, ते कोळकेवाडी धरणातून शेवटी वाशिष्ठीतच येतं. निसर्गाने या नदीला हे पाणी दिलेलंच नव्हतं. आधी ते मोजा, मग आमच्या घरांवर रेषा मारा.

नकाशेवाला
मोजूया की. साडेसदुसष्ट टीएमसी वर्षभरात वाटलं तर सरासरी सेकंदाला साठएक घनमीटर होतं. मशिनं जोरात चालली की जास्त. पण २२ तारखेला तिकडे महाबळेश्वरला एका दिवसात जवळजवळ सहाशे मिमी पडला, इकडे घाटाच्या उतारावरही धो-धो, त्या लोंढ्यापुढे साठ घनमीटर म्हणजे किरकोळ. हां, त्या रात्री नेमकं किती आणि किती वाजता सोडलं ते तासागणिक लोकांसमोर यावं, याला माझा पूर्ण पाठिंबा.

घाटाखाली
सरासरी सांगू नका हो. माणूस सरासरी पाण्यात बुडत नाही.

काळी_माती
कोल्हापुरातनं वाचतोय. भावांनो, तुमच्या नदीचं आणि आमच्या पंचगंगेचं माहेर एकच सह्याद्री, पण सासरं बघा. तुमची पश्चिमेला उडी मारून तासांत समुद्रात जाते, आमची पूर्वेला आरामात वळणं घेत नृसिंहवाडीला कृष्णेला भेटते, आणि कृष्णाच फुगलेली असली की पाणी मागे दाबलं जातं. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा, ४३ धोका, तिथनं पुढं एकेक इंच चढताना आम्ही फोनवर बघत बसतो, जनावरं हलवायला टाइम मिळतो. उतरायला मात्र आठवडा लावते, ऊस कुजतो. तुम्हाला टाइमच मिळत नाही, तेव्हा तुमच्याकडं रेषेपेक्षा भोंगा आधी पाहिजे. आणि दुसरी गोष्ट, आमच्याकडं पण रेषा होत्या, तरी त्यात मजल्यावर मजले झालेच, त्यामुळं रेषेवर लई विश्वास ठेवू नका.

शिवनदीकाठ
@काळी_माती भोंग्याचं बरोबर बोललात. आणि शंभर वर्षांतला पूर म्हणतात तो माझ्या हयातीत दोनदा आला, २००५ आणि २०२१. मग लाल रेषेचा हिशेब कसला?

नकाशेवाला
शंभर वर्षांतला म्हणजे दर वर्षी शंभरात एक शक्यता, आज आला म्हणून पुढची नव्व्याण्णव वर्षं सुट्टी नाही. तीस वर्षांचं घरकर्ज घेतलंत तर फेडेपर्यंत तो येण्याची शक्यता चारात एक. हे नावच बदलायला पाहिजे, लोकांना फसवतं. आणि २००५ चा पूर खरंच शंभरातला होता की पंचविसातला, याचं उत्तर मोजमाप किती वर्षांचं हातात आहे त्यावर अवलंबून. तुमच्या दुकानात पाण्याच्या खुणा आहेत का अजून?

शिवनदीकाठ
२०२१ ची रंगाच्या खाली आहे, पण खिळा ठोकून ठेवलाय. २००५ ची जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर. वडील सांगायचे त्याआधीची पण एक होती, ती भिंत पाडली.

पागेवरची
ओ, हे लिहून ठेवा कुठेतरी. बाजारात प्रत्येकाकडे असा एक खिळा असेल.

नकाशेवाला
येतो मी टेप आणि लेव्हल घेऊन. या रविवारी अष्टमी आहे, भरती सहाला, म्हणजे बाराच्या सुमारास ओहोटी. आधी गोवळकोट धक्क्यावर तळ दिसतो का बघू, मग दुकानात. गाळाचं भांडण तिथेच करू.

शिवनदीकाठ
या. चहा आहे. पण रेषा मला मान्य नाही, आधीच सांगतो.