विषय: कोलोनची सहल – डोम की म्युझियम?

मंडळी, नमस्कार.
रविवारच्या सहलीत जेवण आणि गाडीच्या वेळा वजा जाता हातात जेमतेम चार तास उरतात. डोम, म्हणजे तिथलं मोठं कॅथेड्रल, बघायचा की वालराफ हे चित्रांचं म्युझियम, यावर व्हॉट्सअ‍ॅपवर ‘कला की धर्म’ असा नुसता गोंधळ चाललाय, म्हणून इथे विचारतेय. उद्या रात्रीपर्यंत मत कळवा.
– सचिव

---

ताई, यात विचारायचं काय? कोलोनला जाऊन डोम न बघता परत आलो तर लोक हसतील! १२४८ साली पाया घातला, मध्ये जवळजवळ तीनशे वर्षं काम ठप्प, अर्धवट बुरुजावर क्रेन तशीच उभी, आणि काम पुरं झालं १८८० साली. १५७ मीटर उंच! म्युझियमं काय, गावोगावी असतात.
– खजिनदार

---

काका, डोम चुकवायचा म्हटलं तरी चुकत नाही. स्टेशनातून बाहेर पडलं की समोर तोच. प्रश्न आत जायचा आहे. रविवारी सकाळी प्रार्थना चालू असतात, तेव्हा पर्यटकांना आत फिरू देत नाहीत. मग तास दीड तास दारात फोटो काढत बसण्यापेक्षा सकाळ म्युझियमला देऊ.

आणि वालराफ हे गावोगावी असतं त्यातलं नाही. फ्रेंच अमलात कोलोनमधले मठ आणि कितीतरी चर्च बंद केली गेली, आतल्या चित्रांना कुणी वाली उरला नाही. फर्डिनांड फ्रान्झ वालराफ या प्राध्यापकाने मिळेल ते गोळा केलं आणि शेवटी सगळं शहराच्या नावे करून ठेवलं. देऊळ गेलं, देव राहिले, असं ते मध्ययुगीन दालन आहे. त्यामुळे ‘कला की धर्म’ हा वाद इथे फारसा चालत नाही.

तिथे चित्रकार स्टेफान लोखनरचं गुलाबाच्या ताटव्यातल्या मेरीचं चित्र आहे, पंधराव्या शतकातलं. उंची अवघी ५१ सेंटिमीटर. सोनेरी पार्श्वभूमी, भोवती वाद्यं वाजवणारे चिमुकले देवदूत. मेरीच्या छातीवरच्या पदकात एक मुलगी आणि एकशिंगी घोडा आहे. पोरांना तो शोधायला लावा, पाच मिनिटं शांतता मिळेल.

याच लोखनरचं भलंमोठं वेदीचित्र डोममध्ये आहे, पण ते लांबूनच बघावं लागतं. (तेही मूळचं डोमचं नाही बरं का, नगरसभेच्या चॅपेलमधून एकोणिसाव्या शतकात तिथे आलं.) छोटं चित्र आधी अगदी जवळून पाहिलेलं असलं, की मोठ्यातले चेहरे लांबूनही ओळखीचे वाटतात. उलट क्रमाने ही मजा येत नाही.

दुपारी डोममध्ये दक्षिणेकडची खिडकी चुकवू नका. चित्रकार गेऱ्हार्ड रिष्टरने २००७ साली केली. संत नाही, कथा नाही, फक्त ७२ रंगांचे हजारो चौकोन. तिथल्या तेव्हाच्या कार्डिनलना, म्हणजे मुख्य धर्मगुरूंना, ती मुळीच रुचली नव्हती. मशिदीत शोभली असती, म्हणाले. ऊन असेल तर फरशीवर रंग सांडतात. मला विचाराल तर अख्ख्या डोममध्ये माझी आवडती जागा तीच.
– ग्रंथपाल

---

बुरुजावर लिफ्ट आहे का गं? माझे गुडघे...
– ज्येष्ठ नागरिक गटातर्फे काकू

---

नाही हो काकू, ५३३ पायऱ्या आहेत, त्याही गोल जिन्याच्या. तुम्ही खालीच बाळ येशूच्या भेटीला आलेल्या तीन राजांची सोनेरी पेटी निवांत बघा, मी थांबते सोबत.
– ग्रंथपाल

---

बरं, हरलो. पण बुरुजावर मी जाणार.
– खजिनदार

---

ठरलं तर मग: सकाळी वालराफ, दुपारी डोम. बुरुजावर जाणाऱ्यांनी खजिनदारांकडे नावं द्या. आणि पालकांनो, स्केटबोर्ड घरीच ठेवा. डोममागे म्युझियम लुडविगजवळच्या चौकाखाली फिलहार्मोनी हे संगीताच्या कार्यक्रमांचं सभागृह आहे. खाली कार्यक्रम चालू असला की वरच्या पावलांचासुद्धा आवाज आत जातो, म्हणून रखवालदार चौकातून कुणाला जाऊ देत नाहीत. वळसा घालायला लागला तर कुरकूर नको.
– सचिव