खाजणात जीनोम-संपादित भात लावावे का?

मानशीकाठ: मे 2025मध्ये केंद्राने जाहीर केलेल्या दोन जीनोम-संपादित (स्वतःच्याच जनुकात नेमका बदल केलेल्या) भातांपैकी 'पुसा डीएसटी राईस 1' खाऱ्या जमिनीसाठी आहे. एमटीयू 1010 या वाणातला डीएसटी जनुक निकामी केला, की पानांवरची रंध्रे कमी होतात, पाणी कमी उडते. बाहेरचा जनुक त्यात राहत नाही, म्हणून जीएम पिकांच्या कडक नियमांतून अशा वाणांना 2022मध्ये दिलेल्या सवलतीत बसते. किनारी खाऱ्या जमिनीत सुमारे 30 टक्के जादा पीक, असा सरकारी दावा. गोव्यातल्या दिवाडी-चोडण बेटांवरच्या खाजणांत, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या शेतांत, ते आणायला उशीर का?

फोलपट: 30 टक्के कोणापेक्षा जास्त? मूळ एमटीयू 1010पेक्षा! ते खारे पाणी सोसण्यासाठी प्रसिद्ध नाही. आपली तुलना कोरगुटाशी, म्हणजे खाजणातल्या पारंपरिक भाताशी, नाहीतर जुने गोव्याच्या संशोधन केंद्राने कोरगुटातूनच निवडलेल्या गोवा धान 1 आणि 2शी व्हायला हवी. शिवाय एमटीयू 1010 बुटके. जुलैत खाजणात पाणी तुंबले की बुटके रोप बुडते. कोरगूट उंच वाढते म्हणून तगते.

मानशीकाठ: उंच वाढते आणि वाऱ्यात आडवेही पडते, ते विसरलात. उत्पन्नही बेताचेच.

फोलपट: आडवे पडते, मान्य. पण बुडाले तर काहीच हाती लागत नाही.

क्षारमापक: दोघेही मीठ कधी चढते ते सोडून बोलताय. जूनच्या पावसाने खार धुऊन जातो, तोवर पेरणी थांबवायची हे जुने शहाणपण. भाताला धोका दोनदा: रोप कोवळे असताना आणि फुलोऱ्यात. ऑगस्ट-सप्टेंबरात पावसाने दडी मारली की खालचे मीठ वर येते, दाणा भरत नाही, लोंबीत फोल राहतो. त्यात मासळीसाठी भरतीला मानस (बांधातले पाण्याचे दार) उघडी ठेवली, की कुठलेही वाण घ्या, संपलेच. आधी दारे आणि बांध बघा.

चाचणी करायचीच तर एकाच खाजणात कोरगूट, गोवा धान आणि नवे वाण शेजारी-शेजारी लावा, प्रत्येकाचे तीन वाफे, वरचा अन् सखल भाग दोन्ही धरून. वरच्या 15 सेंटिमीटर मातीची क्षारता पेरणीला, लावणीला, फुलोऱ्यात मोजा. क्षारता 3 डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या वर गेली की साधारण भाताचे पीक घटू लागते.

मानशीकाठ: तुलनेचे पटले. पण मानशी दुरुस्त होईपर्यंत बियाण्याची चाचणीही थांबवायची का?

क्षारमापक: थांबवू नका. फक्त सखल वाफा वगळू नका, नाहीतर निकाल गोडच येईल.