व्हिवियन मायर: तिनं झाकलं, यांनी विकलं

रीळ_छत्तीस: काल इथं एकानं लिहिलं, "जॉन मलूफनं व्हिवियन मायरला अमर केलं, त्याचे पाय धुऊन पाणी प्यावं." डोकंच उठलं. बाई गळ्यात रोलायफ्लेक्स कॅमेरा अडकवून चाळीसेक वर्षं शिकागोकडं लोकांची पोरं सांभाळत होती. लाखावर निगेटिव्ह झाल्या, दाखवल्या जवळपास कुणालाच नाहीत. म्हातारपणी गोदामाचं भाडं थकलं, २००७ साली सामान लिलावात गेलं. या मलूफनं ३८०-एक डॉलरला निगेटिव्हचं खोकं उचललं. बाई गेली एप्रिल २००९ मध्ये. म्हणजे खोकं याच्याकडं आलं तेव्हा ती त्याच शहरात जिवंत होती! आणि आपण 'शोध' म्हणतो.

निवांत: ते पाय धुणारा मीच. खोक्यावर नाव-पत्ता नव्हता हो. नाव पुढं एका लिफाफ्यावर मिळालं, शोधलं तर थेट निधनाची बातमी, तीही काही दिवसांपूर्वीचीच. ती छापून आणली होती, तिनं ज्यांना लहान असताना सांभाळलं त्या एका घरच्या भावांनी. शेवटी तिच्या घराचं भाडंही त्यांनीच भरलं. मलूफ नसता तर खोकी कचऱ्यात.

रीळ_छत्तीस: गेली असती. तिची होती.

इंद्रायणीकाठ: या न्यायानं गाथाही नदीतच राहायला हवी होती.

काळी_मांजर: काहीही! तुकोबा भर कीर्तनात गात होते, झाकून ठेवत नव्हते. बुडवायला लावली रामेश्वर भटांनी. इथं झाकणारी स्वतः कवयित्री आहे, असं समजा.

इंद्रायणीकाठ: रामेश्वर भट पुढं शिष्य झाले, हे सोयीनं विसरता. आणि गाथा तरली ती लोकांच्या तोंडी होती म्हणून, असं म्हणणाऱ्यांपैकी तुम्ही दिसता.

काळी_मांजर: आहेच. तेरा दिवसांवर वाद घालायचाय का?

निवांत: अहो, शिकागोला परत या. तिनं फ्रान्समधल्या आल्प्सकडच्या एका छापणाऱ्याला पत्र लिहिलं होतं, आपले फोटो चांगले छापून घ्यायचे म्हणून. कुणालाच दाखवायचं नव्हतं, हे तुमच्या मनाचं.

रीळ_छत्तीस: पत्र मान्य. पण निवड तिची असती ना? शेकडो रोल तिनं धुतलेसुद्धा नाहीत. एका रोलातल्या बारा फ्रेममधली कुठली ठेवायची, कुठं कापायची, हे दुसऱ्यानं ठरवलं तर फोटो कुणाचा? अमेरिकी फोटोग्राफर गॅरी विनोग्रँड १९८४ साली गेला तेव्हा त्याचेही अडीच हजारांच्या आसपास रोल न धुतलेले होते. पण त्याला निदान जग ओळखत होतं.

दावा_दाखल: हक्काचं कुणीच बोलेना. निगेटिव्ह विकत घेतली म्हणजे छापायचा हक्क मिळत नाही. मलूफनं फ्रान्समधल्या एका नातेवाइकाकडून हक्क घेतले, २०१४ साली एका वकिलानं दुसराच वारस उभा केला, मग कुक काउंटीनं, म्हणजे शिकागोच्या जिल्हा प्रशासनानं, तिची इस्टेट ताब्यात घेतली. २०१६ साली तडजोड. अप्रकाशित कामाचा हक्क तिकडं मृत्यूनंतर ७० वर्षं, म्हणजे २०७९ पर्यंत भांडत बसा.

सांगलीकर: तुमचं चालू द्या. आमच्या वडिलांचा स्टुडिओ होता. लग्नं, बारशी, पासपोर्ट. पण दुपारी गिऱ्हाईक नसलं की मार्केट यार्डात जाऊन हमालांचे फोटो काढायचे. का, ते कधी बोलले नाहीत. निम्म्या निगेटिव्ह त्यांनी स्वतः चांदी काढणाऱ्याला किलोवर घातल्या. उरलेल्या २०१९ च्या पुरात. पाणी ओसरल्यावर डबा उघडला तर इमल्शन, म्हणजे फिल्मवरचा चित्राचा थर, सायीसारखं सुटून आलेलं, चेहरे बोटाला चिकटत होते. मला कुणी मलूफ भेटला असता तर ३८० काय, फुकट दिलं असतं.

रीळ_छत्तीस: वडिलांना विचारून?

सांगलीकर: हे बोलायची काय गरज होती?

निवांत: रीळ, हद्द झाली.

रीळ_छत्तीस: चुकलं, सांगलीकर. तुमचा डबा वाचला असता तर मीही बघायला आलो असतो. निवांत, तुमचंही एक मान्य: माणसानं खोकं फेकलं नाही. पाय मात्र तुम्हीच धुवा.

सांगलीकर: ठीक. एक गठ्ठा वरच्या फळीवर होता, नुसती ओल लागून घट्ट चिकटलाय. असं सुटं करून देणारं कोल्हापूर-पुण्यात कुणी आहे का?