डुकरांच्या तापासाठी ती अर्ध्या तासाची लॅम्प टेस्ट (विषाणूचा अंश ट्यूबमध्ये वाढवून शोधणारी) फार्मवरच करता येते का?

वराहवाला_सिंधुदुर्ग: नमस्कार मंडळी, माझ्याकडे यॉर्कशायरच्या १२ माद्या आणि पिल्लं आहेत. परवापासून दोन माद्या ताप येऊन खायच्या बंद झाल्यात, कान आणि पोटाखालची कातडी लालजांभळी झालीय. डॉक्टर म्हणाले सॅम्पल पुण्याला पाठवू, पण रिपोर्ट यायला वेळ लागणार. यूट्यूबवर बघितलं की लॅम्प टेस्टला पीसीआर मशीन नको, नुसतं गरम पाणी आणि छोटी ट्यूब, रंग बदलला की पॉझिटिव्ह. हे किट मागवून मीच केलं तर चालेल का??

लॅबवाली_ताई: दादा, टेस्ट खरी आहे. पीसीआरला तापमान सारखं वरखाली करावं लागतं, लॅम्पला ६०-६५ डिग्रीवर एकच तापमान धरलं की झालं, म्हणून साधा हीटिंग ब्लॉकही पुरतो. पण व्हिडिओत सांगत नाहीत ते हे, की किटमधलं एन्झाइम (डीएनए वाढवणारं रसायन) कोरडं करून भरलेलं नसेल तर उणे २० चा फ्रीजर लागतो, तो कुठून आणणार? शिवाय फिनॉल रेड या रंगद्रव्याच्या किटमध्ये गुलाबीचा पिवळा व्हायला हवा, त्यात रक्त नीट साफ न करता टाकलं तर सगळं तांबडं दिसतं आणि तुम्ही बसा रंग बघत. वर असा ताप दोन वेगळ्या रोगांत येतो: आफ्रिकन स्वाइन फीवरचा विषाणू डीएनएवाला आणि साध्या (क्लासिकल) स्वाइन फीवरचा आरएनएवाला, लक्षणं जवळपास सारखीच, त्यामुळे एका किटवर दोन्ही कळत नाहीत.

पशुवैद्य_कोल्हापूर: वरच्या ताईंना अनुमोदन. आणि एकदा का पॉझिटिव्ह ट्यूबचं झाकण फार्मवर उघडलं की तो डीएनए सगळीकडे उडतो, मग पुढच्या सगळ्या ट्यूब पॉझिटिव्ह, अगदी पाण्याचीही 😅. निगेटिव्ह आली तरी निर्धास्त होऊ नका, पहिल्या दिवसांत विषाणू कमी असतो. सरकारी कारवाई आणि भरपाई भोपाळच्या सरकारी पशुरोग लॅबच्या रिपोर्टवर चालते, २०२० मध्ये आसाम-अरुणाचलची आफ्रिकन स्वाइन फीवरची साथही तिथेच पक्की झाली होती. साध्या स्वाइन फीवरची लस आपल्याकडे मिळते, आफ्रिकनची नाही. लस टोचली होती का? हॉटेलचं खरकटं घालता का?

वराहवाला_सिंधुदुर्ग: लस नाही दिली. खरकटं घालतो, पण उकळून. एक मादी आत्ता सकाळी मेली, कापून बघू का आत काय ते?

पशुवैद्य_कोल्हापूर: अजिबात नाही!! रक्त सांडलं की सगळा वाडा गेलाच समजा. प्रेत तसंच झाकून ठेवा, कुत्री येऊ देऊ नका, डॉक्टरांना आत्ताच फोन लावा, ते जिवंत मादीचं रक्त जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए ट्यूबमध्ये घेऊन बर्फावर पाठवतील. तोवर एकही डुक्कर विकायचं नाही, खाटीक दाराशी आला तरी. माणसाला हा रोग होत नाही पण तुमच्या चपलेला चिकटून शेजारच्या फार्मवर जातो.

लॅबवाली_ताई: आणि खरकटं आजपासून बंदच करा, उकळलंय म्हणता पण मधे कुठेतरी कोमट राहिलं तर उपयोग नाही. ट्यूबवर मादीचा नंबर आणि तारीख बर्फात पुसणार नाही अशी लिहून द्या.