मदत हवी आहे: लूतची गोष्ट, सदोम आणि शिक्षेचा प्रश्न

नमस्कार मंडळी. माझा एक जवळचा मित्र समलिंगी आहे आणि मनापासून श्रद्धाळूही. परवा त्याने विचारलं, "ग्रंथात माझ्यासाठी खरंच मृत्युदंड लिहिलाय का रे?" मला धड उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून वाचतोय.

बायबलमध्ये लेवीय २०:१३ मध्ये पुरुषांमधल्या समलिंगी संबंधासाठी मृत्युदंड सरळ लिहिलेला आहे. तो प्राचीन इस्राएलचा कायदा होता, आज लागू नाही, असं ख्रिस्ती भाष्यकार सांगतात. तरी रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायावरून अनेक चर्च हे पाप मानतातच. यहेज्केल १६:४९ वाचून मात्र मी थबकलो. सदोम म्हणजे देवाने नष्ट केलेलं शहर, आणि त्याचं कारण समलिंगी संबंध असं सर्रास सांगतात. पण तिथे सदोमचा दोष म्हणजे गर्व, अन्नाची रेलचेल आणि गरिबाला हात न देणं! पण पुढच्याच वचनात 'अमंगळ कृत्यं' येतात, म्हणजे वाद मिटत नाहीच.

कुरआनात लूतच्या (सदोमच्याच कथेतले पैगंबर) लोकांचा नाश आहे, पण माणसांनी कोणती शिक्षा द्यावी हे त्या कथेत नाही. मृत्युदंडाचा आधार हदीसमधून, म्हणजे मुहंमद पैगंबरांच्या वचनांच्या आणि आचरणाच्या नोंदींतून, घेतला जातो. इस्लामी विधिज्ञ इमाम अबू हनीफा यांनी मात्र ही 'हद्द' (धर्माने ठरवून दिलेली शिक्षा) मानली नाही, शिक्षा न्यायाधीशावर सोडली.

माझं अडतं ते इथे: 'पाप आहे' इथून 'मारावं' इथपर्यंत भाष्यकार कसे पोचतात, आणि जे पोचत नाहीत ते नेमके कुठे थांबतात? दोन्ही परंपरांतल्या जाणकारांनी कृपया सांगा. मराठीत वाचण्याजोगं काही असेल तर तेही सुचवा. मित्राला अर्धवट उत्तर द्यायचं नाहीये.