घाटातलं रिव्हर्सिंग ही घोडचूक नव्हे

रूळकरी: काल इथे कुणी लिहिलं की बोर घाटात रिव्हर्सिंग स्टेशन ठेवणं, म्हणजे गाडी बंद टोकात शिरवून उलट दिशेने पुढे काढणं, ही रेल्वेचा मुख्य अभियंता बर्कली याची घोडचूक, आणि त्यापायी वऱ्हाडचा कापूस मुंबईला उशिरा पोचायचा. हे वाचून राहवलं नाही. सुमारे १६ मैलांत १,८३१ फूट चढायचं होतं. डोंगराच्या सोंडेवर वळणाला जागा नाही. वळण हवं तर आणखी बोगदे, तेही काळ्या पाषाणात हाताने भोकं पाडून, सुरुंगाची दारू ठासून. १८६३ साली लाइन सुरू झाली ती अशा हिशेबांमुळेच.

घाटमाथा: आणि मालगाडीचं काय? स्टेशनात मावेल तेवढीच गाडी. इंजिन सोडा, बाजूच्या रुळाने दुसऱ्या टोकाला न्या, जोडा. तोवर मागची गाडी खोळंबलेली.

रूळकरी: गाडी आखूड राहायची ती चढामुळे. ३७ ला १, म्हणजे ३७ फुटांत एक फूट चढ! १०० टनांना सपाटीवर अर्धा टन ओढ पुरते, इथे नुसत्या चढाचे २.७ टन वर.

गाठीवाला: वऱ्हाडचा कापूस बोर घाटातून जातच नव्हता हो! भुसावळ, इगतपुरी, थळ घाट, कसारा. किती वेळा सांगायचं? आणि खरी अडचण बांधणीची. सैल बोऱ्यांनी वाघीण (मालडबा) छतापर्यंत भरते, वजन मात्र निम्मंही होत नाही. शिवाय सैल कापसावर इंजिनाची ठिणगी पडली की संपलं. पक्की दाबलेली गाठ ३९२ पौंडांची, लोखंडी पट्ट्यांनी आवळलेली. पट्टी तुटली तर गाठ फुगून दारात अडकते. १८७० साली खामगावला फाटा आला तो कापसासाठीच. यावर कुणी बोलत नाही.

घाटमाथा: बोला की. पण थळ घाटातही रिव्हर्सिंगच होतं, चढही ३७ ला १. माझा मुद्दा उभाच आहे.

गाठीवाला: उभा असेल, पण घाटाचं नाव नीट घ्या.

रूळकरी: एक मान्य करावं लागेल. कापूस घाट उतरत होता, तेव्हा माझा ओढीचा हिशेब तिथे लागू नाही. तिथे प्रश्न ब्रेकचा. उतारापूर्वी वाघिणीवाघिणीचे हातब्रेक आवळायचे. जास्त आवळले तर चाक जाम होऊन घसरतं, एकाच जागी सपाट होतं. कमी आवळले तर गाडी सुटते, त्यात पावसाळ्यात रूळ ओले. अशी सुटलेली गाडी मधल्या रिव्हर्सिंग स्टेशनच्या बंद टोकाला शिरायची, थेट पायथ्यापर्यंत धावायची नाही.

घाटमाथा: ब्रेकचं पटलं. खोळंब्याचं नाही. पुढे दोन्ही घाटांत नवा मार्ग काढून रिव्हर्सिंग बंद केलंच ना?

रूळकरी: केलं, पण तोवर इंजिनं आणि ब्रेक दोन्ही बदलले होते. १८६३ च्या इंजिनांवर तो मार्ग चालवून दाखवा.