मदत हवी आहे : कण्याच्या बाकात श्वासपटलाची सोनोग्राफी करताना डाव्या-उजव्यातला फरक खरा मानावा का?

नमस्कार. मी नाशिकला फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. सध्या माझ्याकडे १४ वर्षांची एक मुलगी येते. तिच्या कण्याला छातीच्या भागात उजवीकडे बाक आहे, ताज्या एक्स-रेमध्ये कॉब कोन (बाक किती अंशांचा आहे याचे माप) ३८ अंश आला असून ती दिवसाचा बराच वेळ ब्रेस (कण्याला आधार देणारा पट्टा) घालते. तिची तक्रार मात्र पाठीची नाही. शाळेच्या सहलीत पांडवलेणीच्या पायऱ्या चढताना तिला दोनदा थांबावे लागले, आणि तेव्हापासून आईला धास्ती बसली आहे.

स्पायरोमेट्रीत, म्हणजे नळीत फुंकून करायच्या श्वासाच्या चाचणीत, फुप्फुसाची क्षमता अपेक्षेच्या ७२ टक्के आली. ही अपेक्षा उंचीवरून न काढता दोन्ही हात पसरल्यावर बोटांच्या टोकांमधले जे अंतर येते, म्हणजे आपली जुनी वाव, त्यावरून काढली आहे. कारण कणा वाकल्याने उंची कमी भरते आणि आकडा आहे त्यापेक्षा चांगला दिसतो. (आधीच्या अहवालात नेमके हेच झाले होते.)

व्यायाम कोणत्या बाजूवर भर देऊन द्यावा हे ठरवण्यासाठी श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांमधला श्वासाचा स्नायू, दोन्हीकडे किती हलते ते पाहायचे होते. एक्स-रे तिचे आधीच वारंवार होतात, म्हणून सोनोग्राफी निवडली. गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यामुळे मशीन नोंदणीकृत केंद्रातच वापरावे लागते, तेव्हा ओळखीच्या रेडिओलॉजिस्टकडे दुपारच्या मोकळ्या वेळात मोजमाप केले. बरगड्यांच्या खालून वक्र प्रोब (सोनोग्राफीचे अंगावर टेकवायचे टोक) लावून एम-मोडमध्ये, म्हणजे एकाच रेषेवरची हालचाल वेळेनुसार दाखवणाऱ्या पद्धतीने, पाहिले असता शांत श्वासात उजवे पटल १.६ सेंमी आणि डावे १.१ सेंमी सरकले. नंतर काखेच्या रेषेत आठव्या-नवव्या बरगडीमध्ये सरळ प्रोब ठेवून जाडी मोजली. उजवीकडे उच्छ्वासाच्या अखेरीस १.७ मिमी आणि पूर्ण श्वास घेतल्यावर २.६ मिमी, म्हणजे ५३ टक्के वाढ, डावीकडे १.८ वरून २.६ मिमी, म्हणजे ४४ टक्के.

माझी शंका इथे सुरू होते. एम-मोडची रेषा पटलाच्या घुमटाला काटकोनात भिडली तरच सरकण्याचा आकडा खरा येतो, आणि या मुलीचे धडच पिळलेले असल्याने दोन्हीकडे प्रोबचा कल सारखा ठेवता येत नाही. उजवीकडे यकृताची मोठी खिडकी, म्हणजे आरपार पाहायला मोकळी जागा, मिळते. डावीकडे प्लीहेची खिडकी लहान, त्यात पोटातला वायू, आणि खोल श्वास घेताच खाली उतरणारे फुप्फुस पटलाची रेषा झाकून टाकते. डावीकडे, म्हणजे बाकाच्या अंतर्वक्र बाजूला, बरगड्या इतक्या दाटल्या आहेत की त्यांची सावली टाळून प्रोब बसवणे कठीण जाते. जाडीच्या मोजणीत ०.१ मिमीची चूक सहज होते आणि तेवढ्यानेही ५३ चे ६२ टक्के होतात. शिवाय उताणे झोपवले की पाठीचा उंचवटा टेकून धड आणखी वळते. विरुद्ध बाजूला टॉवेल ठेवावा की आहे तसेच राहू द्यावे, हेही ठरवता आले नाही.

१२ आठवड्यांनी पुन्हा मोजायचे आहे. त्या वेळी दिसणारा बदल व्यायामाचा की माझ्या हाताचा, हे ओळखता येईल अशी पद्धत कोणी वापरली असल्यास कृपया सविस्तर सांगावे.

प्रतिसाद १

ताई, डाव्या आकड्याची उजव्याशी तुलना करणे सोडावे असे मी सुचवेन. प्रत्येक बाजूची तुलना तिच्या स्वतःच्याच आधीच्या मापाशी करावी. प्रोबची जागा नाभीपासून आणि काखेपासून सेंमीमध्ये लिहून ठेवावी, शक्य तर फोटो काढावा, ब्रेस काढून मोजावे आणि किमान तीन श्वासांची सरासरी घ्यावी. श्वास लहान-मोठा झाला की सरकणेही बदलते, त्यामुळे किती हवा आत गेली ते सोबत मोजता आले तर उत्तम. आकड्यांच्या अर्थाविषयी एक सांगतो. जाडी वाढणे हे स्नायू आकुंचन पावत असल्याचे लक्षण आहे. सरकणे मात्र छातीची भिंत आणि पोट किती वाट देतात यावरही ठरते. जाडीतली वाढ २० टक्क्यांपेक्षा कमी असती तर स्नायूच्या किंवा त्याच्या मज्जातंतूच्या दुबळेपणाची शंका आली असती. तुमच्या रुग्णाचे पटल दोन्हीकडे काम करते आहे; डावीकडे अडचण बहुधा आखडलेल्या बरगड्यांची असावी. आणि १२ आठवडे थांबण्याआधी एकाच दिवशी, पहिले आकडे न पाहता, दोनदा मोजा. त्या दोन मापांत जितका फरक येईल तितका पुढे आला तर त्याला बदल म्हणू नये.

धागाकर्ती

आभारी आहे, सर. काल तासाभराच्या अंतराने दोनदा मोजले. सरकण्याच्या मापात उजवीकडे १ मिमीचा फरक आला, डावीकडे ३ मिमीचा, आणि मधल्या वेळात मुलगी नुसती बसून होती. म्हणजे डावीकडे पुढे ३ मिमीपर्यंतची सुधारणा दिसली तरी ती मला धरता येणार नाही. आता डावीकडे फक्त शांत श्वासातले सरकणे आणि जाडी एवढेच नोंदवायचे ठरवले आहे, आणि व्यायामात पटलापेक्षा डाव्या बरगड्या मोकळ्या करण्यावर भर देते आहे. टॉवेलबाबत कोणाचा अनुभव असल्यास अजूनही हवा आहे.